ओटीपोटाच्या तळाशी

मालकाला पाहून कुत्रा शेपटी हलवतो, तेव्हा त्याच्या कमरेत जे स्नायू काम करतात, त्यांचेच भाऊबंद तुमच्याआमच्या शरीरात आहेत. आपली शेपटी कोट्यवधी वर्षांपूर्वीच गेली. मागे उरलं ते माकडहाड. पण शेपटी हलवणारे स्नायू गेले नाहीत. ते आत्ता, तुम्ही हे वाचत असतानाही, काम करत आहेत. रात्री तुम्ही गाढ झोपाल तेव्हाही करत असतील.

कसलं काम? चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याची आतडी, लघवीची पिशवी, गर्भपिशवी हे सगळं पोटाच्या भिंतीवर विसावलेलं असतं. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि हे सगळं ओझं एकदम खाली, ओटीपोटाच्या तळाशी आलं. आणि तिथे आधाराला हाडच नाही! कमरेच्या हाडांचं कडं वरून उघडं आणि खालूनही उघडं. मग आतले अवयव खाली का पडत नाहीत? कारण बेकार झालेल्या शेपटीच्या स्नायूंना शरीराने नव्या कामाला लावलं. पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत त्यांची एक झोळी बांधली गेली. हाताच्या पंजाएवढी ही झोळी जन्मभर पोटातलं सगळं तोलून धरते. शरीराचे बहुतेक स्नायू काम संपलं की सैल पडतात. हे पडत नाहीत. लघवीला किंवा शौचाला बसलात तरच थोडी ढील देतात. तुम्हाला खोकला येतो ना, त्याच्या निमिषभर आधी ही झोळी आपोआप आवळली जाते, म्हणून कपडे ओले होत नाहीत. खोकला येणार हे तिला तुमच्या आधी ठाऊक असतं!

बाईच्या शरीरात या झोळीवर आणखी एक, जवळजवळ अशक्य वाटावी अशी जबाबदारी आहे. जन्मभर घट्ट राहायचं, आणि एके दिवशी एवढं ताणायचं की त्यातून एक अख्खं डोकं बाहेर यावं. २००४ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर हा ताण मोजला. बाळाचं डोकं बाहेर येताना झोळीच्या मधल्या स्नायूची लांबी मूळच्या ३.२६ पट होते. एरवी हातापायांचा स्नायू दीडपटीहून जास्त ताणला तर फाटायला लागतो. पण बाळंतपणात हा ताण झेलून बहुतेक बायकांचा हा स्नायू पुन्हा कामाला लागतो. ज्यांचा लागत नाही, त्यांची गोष्ट पुढे येईलच.

बाळाची करामतही कमी नाही. कमरेच्या कड्याचं वरचं तोंड आडवं रुंद असतं आणि खालचं तोंड पुढून मागे लांब. म्हणजे एका मापाने आत शिरायचं आणि दुसऱ्या मापाने बाहेर यायचं. त्यासाठी बाळ वाटेत डोकं वळवतं, मग खांदे वळवतं. इतर बहुतेक प्राण्यांच्या पिल्लांना एवढी कसरत करावी लागत नाही. आपण ताठ चालायला लागलो, शिवाय आपला मेंदू मोठा झाला, आणि या दोन्हींची किंमत या काही सेंटिमीटरांच्या वाटेवर चुकती होते.

आता समजा, बाळ या वाटेत अडकलं.

बाळ आडवं आहे, किंवा डोकं मोठं आहे, किंवा आईच अजून वाढायची आहे. मुलीची उंची वाढायची थांबली तरी तिच्या कमरेची हाडं पुढे काही वर्षं रुंद होत राहतात. दवाखाना जवळ असेल तर सिझेरियन होतं, आई आणि बाळ दोघं सुखरूप घरी जातात. जवळ नसेल तर? कळा काही थांबत नाहीत. एक दिवस, दोन दिवस, कधी तीन-चार दिवस. एका बाजूला बाळाची कवटी, दुसऱ्या बाजूला आईचं हाड, आणि दोन्हींच्या मध्ये लघवीची पिशवी आणि योनीची मऊ भिंत चेपलेली. तिथे रक्त पोचतच नाही. बाळ बहुतेक वेळा आतच दगावतं. चेपलेला भाग मरतो, आणि मग आठवडाभरात कधीतरी तो मेलेला भाग गळून पडतो. तिथे भोक राहतं. लघवी आता कुठे थांबत नाही, रात्रंदिवस मांडीवरून वाहत राहते. भोक मागच्या बाजूला पडलं तर विष्ठाही. काही जणींच्या पायाकडे जाणाऱ्या नसाही याच दाबाखाली चिरडतात आणि त्यांचं पाऊल लुळं पडतं.

याला फिस्टुला म्हणतात. बाळ गेलेलं, अंगाला वास येणारा, नवरा दूर झालेला. अशा अवस्थेत कित्येकींनी दहा-दहा, वीस-वीस वर्षं काढली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दर वर्षी ५० हजार ते एक लाख बायकांना हा आजार होतो, आणि आशिया व सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत २० लाखांहून जास्त तरुण बायका उपचाराविना जगत आहेत. यातलं बहुतेक सारं टाळता येण्यासारखं आहे, आणि झालेलं बहुतेक वेळा बरं करता येण्यासारखं.

आजार मात्र फार जुना. इजिप्तमध्ये हेनहेनित नावाची राणी होती, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. विसाव्या शतकात डेरी नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने तिची ममी तपासली, तर मूत्राशय आणि योनी यांच्यामध्ये मोठं भोक! राजाची बायको असूनही सुटका नव्हती. कारण दागदागिने, दासदासी असं सगळं तिच्याकडे होतं; अडलेल्या बाळाला काढणारे हात कुणाकडेच नव्हते.

हे भोक शिवायची भरवशाची पद्धत सापडायला १८४९ साल उजाडलं, आणि ती ज्या रीतीने सापडली ते सांगताना मान खाली जाते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात माँटगोमेरी इथे जेम्स मॅरियन सिम्स या डॉक्टरने गुलाम बायकांवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केल्या. भूल न देता. त्यातल्या तिघींची नावं इतिहासात उरली आहेत : अनार्का, ल्यूसी, बेट्सी. एकट्या अनार्कावर तीसेक शस्त्रक्रिया झाल्या, तेव्हा कुठे चांदीच्या तारेचे टाके धरले. त्यांची संमती कुणी विचारली नव्हती. गुलामाला नाही म्हणायची सोयच नव्हती. आणि आता हे ऐका. सिम्सचे मदतनीस डॉक्टर कंटाळून निघून गेले, तेव्हा त्याने याच बायकांना हाताशी घेतलं. एकीवर शस्त्रक्रिया चालू असताना बाकीच्या तिला धरत, उपकरणं देत, नंतर तिची शुश्रूषा करत. म्हणजे या विद्येचं शिक्षण घेणाऱ्या जगातल्या पहिल्या माणसांत या स्वतः रुग्ण असलेल्या गुलाम बायका होत्या. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधून २०१८ मध्ये हलवला गेला. २०२१ मध्ये माँटगोमेरीत या तिघींची उंच शिल्पं उभी राहिली.

पुढे श्रीमंत देशांत सिझेरियन सुरक्षित झालं आणि फिस्टुला तिथून नाहीसा झाला. उत्तमच झालं. पण आजारासोबत तिथली विद्याही गेली. जो रुग्ण कधी समोर येतच नाही त्याची शस्त्रक्रिया कोण शिकणार? म्हणून १९५९ मध्ये कॅथरीन हॅमलिन आणि रेजिनाल्ड हॅमलिन हे प्रसूतितज्ज्ञ जोडपं, ती ऑस्ट्रेलियाची, तो न्यूझीलंडचा, तीन वर्षांच्या करारावर इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला उतरलं, तेव्हा दोघांनीही फिस्टुलाचा एकही रुग्ण पाहिलेला नव्हता. पाठ्यपुस्तकातली दुर्मिळ गोष्ट, एवढीच ओळख.

ही विद्या तेव्हा कुठे जिवंत होती? मुख्यतः गरीब देशांत. कैरोमध्ये नगीब महफूझ पाशा हे प्रसूतितज्ज्ञ कित्येक वर्षं फिस्टुला शिवत होते. जाता जाता एक गंमत : १९११ मध्ये त्यांनी एका बाईचं अवघड बाळंतपण सोडवलं आणि घरच्यांनी कृतज्ञतेने बाळाला डॉक्टरांचंच नाव दिलं. ते बाळ म्हणजे पुढे साहित्याचं नोबेल मिळवणारे कादंबरीकार नगीब महफूझ.

हॅमलिन दांपत्याने जुनी वर्णनं, चित्रं गोळा केली आणि एकेक रुग्ण घेत हात बसवला. बातमी खेडोपाडी पसरली. बायका दिवसेंदिवस चालत, बसमधून हाकलल्या जात, भीक मागत येऊ लागल्या. तीन वर्षांचा करार कधीच मागे पडला. १९७४ मध्ये दोघांनी फक्त फिस्टुलासाठीचं वेगळं रुग्णालय उघडलं. रेजिनाल्ड १९९३ मध्ये गेले. कॅथरीन नव्वदी उलटेपर्यंत तिथेच काम करत राहिल्या आणि २०२० मध्ये ९६व्या वर्षी अदिस अबाबातच वारल्या. तोवर तिथे ६० हजारांहून जास्त बायकांवर उपचार झाले होते.

पण या रुग्णालयातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वेगळीच आहे. तिचं नाव मामितू गाशे. १९६२ मध्ये ही सोळा वर्षांची, लिहितावाचता न येणारी खेड्यातली मुलगी चार दिवस अडून बाळ गमावून हॅमलिन दांपत्याकडे आली; वेगळं रुग्णालय तेव्हा अजून उघडायचं होतं. जखम मोठी होती. बरं व्हायला अनेक शस्त्रक्रिया लागल्या. दरम्यान ती वॉर्डात बिछाने घालू लागली. मग नव्या आलेल्या बायकांना धीर देऊ लागली. मग शस्त्रक्रियेच्या खोलीत उपकरणं हातात देऊ लागली. रोज तेच पाहता पाहता तिला पुढचं पाऊल डॉक्टरांच्या आधी कळू लागलं. रेजिनाल्ड हॅमलिन यांनी तिच्या हातात सुई दिली, आणि स्वतः समोर उभे राहून तिचे हात वळवले. शाळेचं तोंड न पाहिलेली मामितू जगातल्या निष्णात फिस्टुला सर्जनांपैकी एक झाली. १९८९ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सने हॅमलिन दांपत्याच्या जोडीने तिला सुवर्णपदक दिलं. परदेशांतून शिकायला येणारे पदव्युत्तर डॉक्टर तिच्या टेबलाशी उभे राहून शिकत. जी बाई आजारी म्हणून आली, तिच्याकडून जगाने शस्त्रक्रिया शिकली!

हे शक्य कसं झालं? त्यासाठी त्या टेबलाजवळ जाऊन पाहायला हवं.

कमरेत सुई देऊन खालच्या अंगाला भूल दिलेली. टेबल डोक्याच्या बाजूला तिरकं, उतरतं केलेलं, पाय वर आणि दूर. उजेड थेट आत पडला पाहिजे. काम चालतं ते काही सेंटिमीटरांच्या खोल जागेत, बहुतेकदा बोटांच्या स्पर्शाने. पहिलं पाऊल शिवण्याचं नाहीच. मूत्रपिंडाकडून येणाऱ्या दोन बारीक नळ्यांची तोंडं आधी शोधायची, त्यांत पातळ कॅथेटर सरकवायचे, म्हणजे चुकून टाक्यात त्या सापडणार नाहीत. मग लघवीची पिशवी आणि योनीची भिंत, जी व्रण होऊन एकमेकींना चिकटली आहे, ती अलगद सोडवायची. नवशिक्या डॉक्टरला वाटतं, भोक दिसलं की टाके घालावेत. जाणता डॉक्टर बराच वेळ फक्त सोडवत बसतो. कारण ताणून घातलेला टाका हमखास सुटतो, आणि पहिली शस्त्रक्रिया फसली तर दुसरीच्या यशाची शक्यता कमी होते. कडा न ताणता आपसूक जवळ आल्या की मगच सुई. शेवटी पिशवीत निळं रंगीत पाणी भरायचं आणि थांबायचं. खाली ठेवलेल्या कापसावर निळा ठिपका उमटला नाही, तर काम झालं.

यात महागडं यंत्र कुठलंच नाही. लागतात ती बोटं, आणि ही बोटं पुस्तकातून तयार होत नाहीत. मऊ भिंत कुठे संपते आणि व्रण कुठे सुरू होतो, हे शिकवणाऱ्याच्या शेजारी उभं राहून, शेकडो वेळा हात लावूनच कळतं.

शस्त्रक्रियेनंतरचं शिक्षण तर आणखी साधं, आणि तितकंच निर्णायक. रुग्णाच्या पिशवीतून नळी काढून पलंगाखालच्या भांड्यात सोडलेली. परिचारिकेने दर फेरीला तीन गोष्टी पाहायच्या : बाई पाणी पिते आहे का, नळीतून थेंब पडतो आहे का, आणि चादर कोरडी आहे का. नळी तुंबली आणि तासभर कुणाच्या लक्षात आलं नाही, तर पिशवी फुगते, ताजे टाके तटातट सुटतात, आणि सर्जनची सगळी मेहनत पाण्यात. अदिस अबाबात हे थेंब मोजणाऱ्या बऱ्याच जणी आधीच्या रुग्णच आहेत. नळी तुंबणं म्हणजे काय, हे त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

उत्तर नायजेरियात कात्सिना इथे कीस वाल्डाइक या डच सर्जनने १९८०च्या दशकापासून कुष्ठरुग्णांच्या एका जुन्या रुग्णालयात हेच काम मांडलं. हजारो शस्त्रक्रिया केल्या, आणि शेकडो डॉक्टर-परिचारिकांना शिकवलं. त्यांनी एक फार मोलाची गोष्ट दाखवून दिली. भोक ताजं आणि लहान असेल, आणि अडलेल्या बाळंतपणानंतर लगेच नळी घालून पिशवी काही आठवडे सतत रिकामी ठेवली, तर कित्येकदा भोक आपोआप बुजतं! ऑपरेशनच नको. रबराची एक साधी नळी, आणि ती वेळेवर घालायचं भान असलेली आरोग्य केंद्रातली परिचारिका. इतकी स्वस्त आणि इतकी मोठी गोष्ट अजून सगळ्या आरोग्य केंद्रांत पोचलेली नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

असं हातोहात चाललेलं शिक्षण जगभर एका मापाचं कसं करायचं? २०११ मध्ये प्रसूतितज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिगोने, इतर संस्थांबरोबर मिळून एक सामायिक अभ्यासक्रम तयार केला आणि पुढच्या वर्षी त्यावर आधारित प्रशिक्षण सुरू केलं. त्यात तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा डॉक्टर फक्त सोप्या फिस्टुलाला हात लावतो. भोक मूत्रमार्गाच्या तोंडापासून किती आत, केवढं, आणि आजूबाजूला व्रण किती, अशी मोजणी आधी करायची. ऑस्ट्रेलियाच्या ज्युडिथ गोह यांची ही वर्गवारी आता बऱ्याच ठिकाणी वापरतात. अवघड निघालं तर वरच्या पायरीच्या सर्जनकडे पाठवायचं. आपल्याला काय येत नाही हे ओळखणं, हा या अभ्यासक्रमाचा पाया आहे. आणि गरीब देशांतली ही केंद्रं नुसती शिकत नाहीत, नवं ज्ञानही घडवतात. शस्त्रक्रियेनंतर नळी किती दिवस ठेवायची? दोन आठवडे, अशी रीत होती. आफ्रिकेतल्या आठ देशांत ५२४ बायकांवर पद्धतशीर चाचणी झाली आणि २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उत्तर छापून आलं : साध्या फिस्टुलासाठी सात दिवस पुरतात. म्हणजे जिथे खाटा मोजक्या आणि रांग लांब, तिथे त्याच खाटेवर दुप्पट बायकांची सोय होऊ शकते!

इथवर सगळं फत्ते. भोक बुजलं, निळा ठिपका नाही, नळी काढली. बाई उभी राहते आणि पुन्हा ओली होते.

असं का? भोक तर बंद आहे! लुईस वॉल आणि स्टीव्हन ॲरोस्मिथ या फिस्टुला सर्जनांनी २००७ मध्ये या कोड्याकडे सगळ्यांचं लक्ष वेधलं. त्या चार दिवसांच्या दाबाने फक्त भोक पडलेलं नसतं. लघवी रोखून धरणारी सगळी यंत्रणाच चिरडलेली असते. मूत्रमार्ग आखूड झालेला, पिशवी लहान झालेली, झोळीचे स्नायू आणि नसा दुबळ्या झालेल्या. सर्जन म्हणतो, शस्त्रक्रिया यशस्वी. बाई म्हणते, मी अजून ओलीच आहे. खरं कुणाचं? माझ्या मते, बाईचंच.

श्रीमंत देशांत अशा गळतीसाठी मूत्रमार्गाखाली प्लास्टिकच्या जाळीची पट्टी घालतात. व्रणांनी भरलेल्या जागेत ती पट्टी टिकत नाही, भिंत कुरतडून बाहेर येते. मग इथिओपियात फिस्टुलाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या अँड्र्यू ब्राउनिंग यांनी काय करावं? शेजारचाच, बाईच्या अंगातला थोडा स्नायू सोडवून मूत्रमार्गाखालून आधारासारखा गुंडाळला. कुठला स्नायू? तोच, एके काळी शेपटी हलवणारा. उत्क्रांतीने त्याला एकदा नव्या कामाला लावलं होतं, सर्जनने दुसऱ्यांदा लावलं!

तर इथे एक नवीन तज्ज्ञ लागतो. फक्त भोक शिवणारा नव्हे. लघवीची पिशवी, गर्भपिशवी, गुदद्वार, नसा आणि त्यांना पेलणारी झोळी, या सगळ्याचा एकत्र विचार करणारा. या शाखेला युरोगायनॅकॉलॉजी म्हणतात, आणि ती श्रीमंत देशांतही किती कोवळी आहे बघा. अमेरिकेत तिला अधिकृत उपशाखा म्हणून मान्यता मिळाली ती २०११ मध्ये. तोवर अदिस अबाबाच्या रुग्णालयाला सदतीस वर्षं झाली होती. इथिओपियात पुढे हॅमलिन रुग्णालय आणि मेकेले विद्यापीठ मिळून याच शाखेचे तज्ज्ञ आपल्याच मातीत घडवू लागले. त्यासाठी परदेशी प्राध्यापकांची साथ लागली; लुईस वॉल त्यांतले एक, आणि मूळच्या इथिओपियाच्या, अमेरिकेत शिकलेल्या राहेल नार्दोस या दुसऱ्या. पाहुण्या सर्जनने पंधरा दिवस यायचं, शिबिरात ऑपरेशनं करायची आणि विमानाने परतायचं, या जुन्या रीतीचं मला कौतुक नाही. सोळाव्या दिवशी नळी तुंबली तर कुणी पाहायचं? तज्ज्ञ तिथलाच हवा, तिथली भाषा बोलणारा हवा. त्याच्याबरोबर भूलतज्ज्ञ हवा, जाणती परिचारिका हवी, आणि झोळीचे स्नायू पुन्हा आवळायला शिकवणारी फिजिओथेरपिस्टही हवी.

अशा तज्ज्ञाची गरज फिस्टुलापुरती थांबत नाही. फिस्टुलापेक्षा कितीतरी पटींनी जास्त बायकांचा आजार दुसरा आहे, आणि तो आपल्या गावांतल्या बायकांना चांगला ठाऊक आहे : अंग बाहेर येणं. ३.२६ पट ताणलेली झोळी पुरती सावरली नाही, बाळंतपणं लागोपाठ झाली, ओझं उचलणं बंद झालं नाही, की गर्भपिशवी खाली सरकत येते. बसलं की टोचते, चाललं की घासते. आणि बाई गप्प बसते. किती गप्प? डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापले. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. त्याआधी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. प्रश्न असतात, हे कुणी विचारल्याशिवाय जगाला कळतच नाही.

मुंबईने या शाखेला दिलेली देणगी मात्र आपल्याकडेही फार थोड्यांना माहीत असते. मूळ गोव्यातल्या शिरोड्याचे, मुंबईत काम करणारे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचं नाव जगभरच्या प्रसूतिगृहांत रोज घेतलं जातं ते गर्भपिशवीच्या तोंडाला घालायच्या ‘शिरोडकर टाक्या’साठी, जो १९५५चा. पण अंग बाहेर आलेल्या तरुण बायकांसाठीही त्यांनी शस्त्रक्रिया बसवली. पाश्चात्त्य रीत होती पिशवी काढून टाकायची. इथे तर विशीतल्या मुली येत, त्यांना अजून मूल हवं असे. शिरोडकरांनी पिशवी तशीच ठेवून तिला मागच्या हाडाला पट्टीने टांगलं. मुंबईच्याच पुरंदरे यांनी पोटाच्या भिंतीतल्या मजबूत पडद्याच्या पट्ट्या खाली नेऊन तिला पुढून आधार दिला. गरज इथली होती, उत्तरही इथेच सापडलं, आणि ते आज पाठ्यपुस्तकांत आहे. ढाक्यात फिस्टुलाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. सायेबा अख्तर यांनी बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला कॅथेटरला निरोध बांधून त्यात सलाइन भरायची युक्ती काढली, तीही अशीच. कराचीजवळ कोही गोठ इथे डॉ. शेरशाह सय्यद यांच्या रुग्णालयात फिस्टुलाचे उपचार मोफत होतात आणि सुईणींचं शिक्षणही तिथेच चालतं.

इथे एक पेच आहे, आणि तो आनंदाचा आहे. इथिओपियात २००० साली शंभरातल्या जेमतेम सहा बाळंतपणांना प्रशिक्षित माणूस हजर असे. २०१९ पर्यंत ते प्रमाण पन्नासाच्या घरात पोचलं. अडलेलं बाळंतपण वेळेवर दवाखान्यात पोचू लागलं की नवे फिस्टुला कमी होतात. मग नव्या सर्जनांचा हात कशावर बसायचा? आणि अवघड रुग्ण तर अजून येतच राहणार. म्हणूनच फिस्टुलाच्या जोडीने अंग बाहेर येणं, खोकताना होणारी गळती, फाटलेलं गुदद्वार हे सगळं शिकवणारी केंद्रं हवीत, म्हणजे हात चालता राहील आणि रांगेतली कुठलीच बाई परत जाणार नाही.

हॅमलिन दांपत्य १९५९ मध्ये अदिस अबाबाला आलं ते मुळात फिस्टुलासाठी नव्हतंच. ‘लॅन्सेट’मधली जाहिरात वाचून ते आले होते, आणि काम होतं सुईणींची शाळा उभी करण्याचं. ती शाळा तेव्हा नीट उभी राहिली नाही. कॅथरीन हॅमलिन यांनी तिचा नाद सोडला नाही. २००७ मध्ये, त्या ८३ वर्षांच्या असताना, हॅमलिन सुईण महाविद्यालय सुरू झालं. तिथे खेड्यातल्या मुली निवडून घेतात, चार वर्षांची पदवी देतात, आणि त्या परत आपापल्या भागातल्या आरोग्य केंद्रांत कामाला जातात. कळा सुरू होऊन किती तास झाले, हे त्या वहीत मांडत बसतात, आणि वेळ उलटायच्या आत गाडी बोलावतात.